खाडे वजा जाता

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका मंगळवारी सकाळी सात वीसला मी डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर पेपर पसरला, बोरू शाईत बुडवला आणि सुलेखनाच्या सरावासाठी 'ल' काढायला बसले तर स्वैपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "आजच?"

म्हणजे पितृपक्षात कुणी नवीन काही सुरू करतं का, असं. त्यांचं चूक नव्हतं. पण माझा मुहूर्तांचा अनुभव फार वाईट आहे हो. पाडव्याला सुरू केलं होतं, त्यासाठी ३०० जीएसएमचा जाडजूड, महागडा पेपर आणला, तो इतका देखणा होता की पहिलं पान खराब करायची हिंमत होईना, अजून कोराच आहे. एक जानेवारीला सुरू केलं तेव्हा ॲप घेतलं, रोज केलं की हिरवी टिकली मिळायची, अठरा टिकल्या जमवल्या, एकोणिसाव्या दिवशी नणंदेकडे मुक्काम पडला, आकडा शून्यावर आला आणि मी चिडून ॲपच काढून टाकलं. दसऱ्याला तर साग्रसंगीत, पाटीवर सरस्वती काढून, बोरू तिच्यापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून. चार दिवस चाललं. मग दिवाळीची आवराआवर निघाली आणि बोरू, शाई, पेपर सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर गेलं, आणि आमच्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू थेट पुढच्या दिवाळीलाच खाली येते.

तर मुहूर्ताला सुरू केलेलं सगळं मोडलं आणि पितृपक्षातलं टिकलं. अकरा महिने झाले. टिकलं म्हणजे रोज झालं असं अजिबात नाही, ते पुढे सांगतेच.

मी काही आर्टिस्ट वगैरे नाही. नारायण पेठेत एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात नोकरी करते, राहते धनकवडीला, घरी नवरा, सासूबाई आणि चौथीतले चिरंजीव. अक्षराचं वेड मात्र लहानपणापासूनचं. पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या ना, त्यातली नाटकांची नावं मी गिरवायचे, वहीच्या पानाला खोबरेल तेल चोपडून ते पारदर्शक करायचं आणि वर ठेवून पेन्सिल फिरवायची, घरातल्या सगळ्या वह्यांना तेलाचा वास. त्यातली कितीतरी अक्षरं अक्षरकार कमल शेडग्यांची होती हे फार उशिरा कळलं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी काढलेली नावं फोनवर फिरायला लागली आणि एकेक ओळखीचं निघत गेलं, अरे हेपण यांचंच, हेपण. तोपर्यंत मला वाटायचं की त्या नाटकाचं नाव तसंच असतं, कुणीतरी बसून ते काढलंय हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग चार-पाच वर्षांपूर्वी सुलेखनाचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं आणि बोरू हातात आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, बोरू म्हणजे पोकळ काडी, टोक तासून तिरकं कापलेलं. इंग्रजी कॅलिग्राफीचे पेन सेट मिळतात त्यांनी मी आधी दोन वर्षं झटापट केली होती आणि माझं मराठी अक्षर कायम कुठंतरी बिनसल्यासारखं दिसायचं, जाड जिथे यायला हवं तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड. वर्कशॉपला कळलं की त्या निबचा काप आपल्या लिपीच्या बरोबर उलट आहे. दोन वर्षं! चुकीच्या हत्याराने लिहीत होते आणि शिव्या स्वतःच्या हाताला देत होते.

असो, तर मुद्दा सवयीचा. सवय का टिकत नव्हती याची कारणं मी सगळ्यांसारखीच देत होते, वेळ नाही, नोकरी, डबे, पोराचा अभ्यास. पण वेळ होता हो. चिरंजीवांची स्कूल व्हॅन सात दहाला जाते आणि मला साडेआठची बस असते. मधल्या वेळात कुकर लावून मी वीस मिनिटं फोन बघत बसायचे हे मलाच माहितीये. बसायला वेळ मिळायचा, बसल्यावर घोडं अडायचं. आज काय लिहू? एखादा अभंग घेऊ का, पाऊस पडतोय तर पावसावर काही, का नुसतं नाव लिहू, पण मग ते इन्स्टावर टाकण्यासारखं होईल का, बॅकग्राउंडला रंग द्यायचा का. असं करत करत शिट्ट्या व्हायच्या आणि मी उठायचे. वीस मिनिटांतली पंधरा ठरवण्यात गेलेली असायची आणि उरलेल्या पाचात जे व्हायचं ते बघून दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटायचं नाही.

हे लक्षात आलं ते समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीमुळे. ती गाणं शिकते. सकाळी साडेसहाला तंबोऱ्याचं ॲप लावून बसते आणि नुसता खर्ज लावते, मग सुरांचा एकच पलटा, तोच, महिनाभर तोच. आम्हाला सगळ्यांना पाठ झालाय, आमच्या सासूबाई भाजी चिरताना गुणगुणतात. एकदा लिफ्टमध्ये भेटली तर मी विचारलं, अगं रोज तेच तेच गाऊन कंटाळा नाही येत? तर म्हणाली, "येतो ना काकू, पण सकाळी उठून काय गायचं हा विचार नाही करावा लागत, ते गुरुजींनी ठरवलेलं असतं." आणि गेली तिसऱ्या मजल्यावर. मी तळमजल्याचं बटण दाबलेलं असूनही वरपर्यंत गेले तिच्याबरोबर, विचार करत.

मला गुरुजी नाहीत. म्हणून मी स्वतःच ठरवून टाकलं, एका महिन्याला एक अक्षर. रोज तेच. वीस वेळा. झालं. अभंग नाही, सुविचार नाही, रंग नाही, इन्स्टा नाही.

खरं तर सुरुवात ग म भ न पासून करतात पण मी ल घेतला, त्याला कारण चिरंजीव. त्यांच्या वहीत बाईंनी ल ला लाल गोल करून ठेवला होता कारण साहेबांनी तो फोनमध्ये दिसतो तसा काढला होता, हिंदी वळणाचा. आता शासनाचा २००९ चा जीआर आहे की मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे बाईंचं बरोबरच. पण पोरगं म्हणालं, "आई, सगळीकडे असाच असतो, तूच काढून दाखव ना बरोबर." मी काढला. तो बघून म्हणाला, "हा पडतोय." आणि खरंच पडत होता हो! पन्नाशीकडे निघालेली बाई, स्वतःला सुलेखन येतं म्हणवणारी, आणि ल पुढे तोंडावर पडतोय.

ल अवघड आहे. डावी पाकळी जरा मोठी झाली की अक्षर पुढे झुकतं, उजवी फुगली की दंडाशी, म्हणजे उभ्या रेघेशी, जाऊन भांडते, दोघींच्या मधला सांधा जाड झाला तर डाग पडल्यासारखा दिसतो आणि फार बारीक झाला तर दोन पाकळ्या एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या. पहिले दहा दिवस मी मन लावून काढले. अकराव्या दिवशी असा काही कंटाळा आला की सांगता सोय नाही, बोरू उचलवेना. म्हटलं नुसते दोन काढू आणि उठू. दोन काढले, आणि त्यातल्या दुसऱ्यात मला पहिल्यांदा दिसलं की मी उजवी पाकळी दंडापाशी नेताना श्वास धरते आणि हात आखडतो. दहा दिवस दिसलं नव्हतं कारण दहा दिवस मला ल आवडत होता! कंटाळा आल्यावर कौतुक संपलं आणि मग नुसती रेघ दिसायला लागली.

त्या महिन्यात माझं एक वेगळंच खूळ सुरू झालं. दुपारी ऑफिसात डबा खाऊन झाला की मी लक्ष्मी रोडपर्यंत चक्कर मारायला लागले, पाट्या बघायला. लक्ष्मी रोडवर ल ची जत्राच आहे, जवळपास प्रत्येक दुकानाच्या पत्त्यातच ल. फ्लेक्सवरचे बहुतेक ल कॉम्प्युटरमधून आलेले, सगळे एका साच्यातले, पण मधेच एखाद्या जुन्या कापडवाल्याची हाताने रंगवलेली पाटी असते आणि तिच्यात पेंटरने ल असा काही बसवलेला असतो की बघत राहावं. एका गल्लीच्या तोंडाशी एक पाटी आहे, रंग उडालाय, तिच्यातला ल चक्क बसलाय, मांडी घालून. मी फोटो काढत होते तर दुकानदार बाहेर आले, "काय पाहिजे?" म्हटलं काही नाही, अक्षर बघतेय. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "हं" म्हणून आत गेले. पुण्यात एवढं पुरे.

पुढे ळ चा महिना आला तेव्हा तर मज्जाच, टिळक रोड, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक, ळ शिवाय हे गाव हलत नाही. घरी जाताना बसमधून बाजीराव रोडवरचे ळ मोजायचे. शेजारी बसलेल्या आजींना वाटायचं मी जप करतेय.

आता खाड्यांचं. ॲपचा तो शून्य मला फार लागला होता. अठरा दिवस मी बसले होते की नाही? मग एक दिवस चुकला म्हणून ते अठरा गेले कुठे? हा कुठला हिशोब? आमच्या ऑफिसात असा हिशोब कुणी आणला तर साहेब परत पाठवतील. आणि मग एकदा महिनाअखेरीला सासूबाई दुधाचा हिशोब करत होत्या, कालनिर्णय भिंतीवरून काढून, चष्मा लावून, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर छोटी फुली असते ना, त्या फुल्या मोजत. "एकतीसचा महिना, खाडे तीन, अठ्ठावीस दिवसांचे द्यायचे." बस. पोळ्यांच्या मावशींचंही तसंच. आपल्या कुठल्याच घरात दूधवाल्याने तीन दिवस दांडी मारली म्हणून त्याचे अठ्ठावीस दिवस शून्य करत नाहीत, आणि दूधही बंद करत नाहीत. कुरकुर करतात, खाडे वजा करतात, एक तारखेपासून दूध पुढे सुरू.

मी त्याच कालनिर्णयवर माझेही खाडे मांडायला लागले. दुधाची फुली निळ्या पेनाने, पोळ्यांची लाल आणि माझी पेन्सिलने. केलं त्या दिवशी काहीच खूण नाही. टिकली नाही, चांदणी नाही. हे मला फार आवडलं कारण त्यात बसणं हे नेहमीचं झालं आणि न बसणं ही नोंद. फक्त एक घोळ झाला, दुसऱ्या महिन्यात सासूबाईंनी माझ्या सहा फुल्या दुधात धरल्या आणि दूधवाल्याशी पैशांवरून दहा मिनिटं वाद घातला. नंतर मी फुली सोडून त्या चौकटीत बारीक 'ख' लिहायला लागले.

खरे आकडे सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी फार शिस्तीची. आत्तापर्यंत ३३४ दिवस, खाडे ९७, खाडे वजा जाता २३७. दिवसाला वीस धरली तर ४७४० अक्षरं. जुलैत १९ खाडे, कारण जुलै म्हणजे रिटर्न भरायचा महिना, त्या महिन्यात लोक कागद ३० तारखेला आणून देतात आणि वर "एवढंसंच तर आहे" म्हणतात. पण १९ खाडे म्हणजे १२ दिवस बसलेय बरं का, एरवीच्या माझ्या पद्धतीने तिसऱ्या खाड्यालाच सगळं माळ्यावर गेलं असतं.

खाडे बघता बघता एक गोष्ट कळली, ख गुरुवारी आणि शुक्रवारी जास्त होते. आधी कळेना का. मग ट्यूब पेटली, पाणी! पेपरात "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने" असं आलं की आमचं घर दोन दिवस बादल्यांच्या हिशोबात असतं, आणि बोरू धुवायला, दौत पुसायला, हाताची शाई काढायला पाणी लागतं, ते मागायची माझी हिंमत नसते. मग त्या दिवसांसाठी पेन्सिल. दोन पेन्सिली रबर बँडने जोडायच्या, टोकं शेजारी शेजारी, की जाड-बारीक दिसतं, आतला भाग पोकळ राहतो एवढंच, आणि उलट त्यात चूक जास्त स्पष्ट दिसते. पाणी अजिबात नको. गुरुवारचे खाडे जवळजवळ गेले.

सामानाबद्दल लोक विचारतात म्हणून भराभर सांगते. शाई म्हणून काळा पोस्टर कलर पाणी घालून, वॉटरप्रूफ शाई बोरूवर वाळून बसते आणि मग ब्लेडने खरवडत बसावं लागतं. दौतीत वातीचा थोडा कापूस घालून ठेवायचा म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नाही आणि कलंडली तरी समुद्र होत नाही (आमचा एक टेबलक्लॉथ हे शिकण्यात गेला). कागदाला पैसे घालवायचे नाहीत, पेपरातल्या छोट्या जाहिरातींचं पान आडवं धरलं की कॉलमच्या रेघा आयत्या मिळतात. फारच चांगलं काढावंसं वाटलं तर बँकेच्या कॅलेंडरची कोरी पाठ. कालनिर्णयची चालत नाही, मागे लेख आणि पाककृती असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं टेबलावर उघडं पडलेलं असलं पाहिजे, एका जुन्या ताटलीत, भाकरीच्या डब्याशेजारी. घर अव्यवस्थित दिसतं. दिसू दे. खोक्यात घातलं की माळा, माळा की दिवाळी.

ग्रुपपण करून पाहिला. वर्कशॉपमधल्या मैत्रिणींचा, रोज एक फोटो टाकायचा असं ठरलं. पहिला आठवडा वा वा, क्या बात, हात जोडलेले इमोजी, दुसऱ्या आठवड्यात गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ, तिसऱ्यात कुणाच्या तरी भाचीचं स्थळ. आता त्यातली एकच मैत्रीण उरलीये, आम्ही एकमेकींना फोटो पाठवतो आणि काहीही बोलायचं नाही असं ठरलंय. निळी टिक दिसली की झालं.

सासूबाईंचा तो "आजच?" वाला सूर नंतर बदलला. दासबोध त्यांच्या रोजच्या वाचनात आहे, एक दिवस त्यांनी मला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडून दाखवला, अख्खा समास अक्षर कसं काढावं यावर! मला माहितीच नव्हतं. शाई कशी असावी, ओळी कशा असाव्यात, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. मी म्हटलं आई, माझे तर पहिला ल आणि विसावा ल दोन वेगळ्या बायकांनी काढल्यासारखे दिसतात. त्या पान जवळ धरून बघत होत्या, म्हणाल्या, "आठव्यापर्यंत एकच बाई आहे. नववीला घाई आहे." नववा ल काढताना कुकरची दुसरी शिट्टी होते. रोज. मी नंतर बघितलं.

आणि मग परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वहिनी अक्षर काढतात. गेटसमोर लोक गाड्या लावून जातात तर एक पाटी हवी होती, मजकूर त्यांनी टाइप करून आणला होता, "गेटसमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडली जाईल." मी वाचलं आणि माझा जीव फुलला, ला, ली, ली, ल, एवढे ल! अकरा महिन्यांत माझ्याकडे कुणी मागितलेलं हे पहिलं काम. पत्र्यावर पांढरा रंग मारून घेतला, चपटा ब्रश तिरका कापला आणि रविवारी दुपारी बसले.

तर निम्मी अक्षरं मी अजून घेतलेलीच नव्हती. ट नाही, ड नाही, स नाही, व नाही. ते सगळे साधारण जमले, पण खरी गंमत 'ल्या' ची. लावल्यास मधला ल अर्धा! अर्धा ल मी आयुष्यात सरावाला घेतला नव्हता. दंड गेला की उजव्या पाकळीला टेकायलाच काही राहत नाही, ती य ला जाऊन धडकते, आणि ते सगळं माझ्या अख्ख्या सुंदर ल च्या अगदी जवळ. तीनदा टर्पेंटाइनने पुसलं. चौथ्यांदा तसंच ठेवलं.

पाटी लागली. चौथ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले, जरा घुटमळले. म्हणाले, "पाटी फार सुंदर झालीये वहिनी. पण लोक काय करतात, गाडी थांबवतात, वाचतात, एक जण तर उतरून फोटो काढत होता, गाडी गेटसमोरच. पुढच्या वेळी जरा... म्हणजे... इतकं चांगलं नको."

या महिन्यात ल्या घेतलाय. आज सहावा दिवस, खाडे दोन.